धूर कीं धुकें?

आमच्या धुळ्याच्या घराची ओसरी आजवर पुष्कळ वादांना साक्षी आहे. वडिलांच्या वेळीं तेथें पंचांगांच्या शुद्धतेवर वाद होत; आमच्या उमेदीच्या काळांत ते परीक्षांच्या पद्धतीवर झाले; आणि आतां नातवाच्या कारकीर्दींत ते सायकलींवर होऊं लागले आहेत. २०२६ च्या जानेवारीच्या अखेरीस एका रविवारीं, जळगांवास शिकणारा आमचा नातू चार मित्रांसह पहाटे निघाला. पाळधी, एरंडोल, पारोळा असें करीत सुमारें नव्वद किलोमीटर सायकल हांकून, आणि तेवढ्यानें समाधान न झाल्यामुळें धुळ्यापुढील आग्रा रोडवरची लळिंगची चढण चढून-उतरून, ही सेना दुपारीं आमच्या दारांत थडकली. सौभाग्यवतींनीं वांग्याचें भरीत आणि कळण्याच्या भाकऱ्या तयार ठेवल्याच होत्या. भूक शमल्यावर ओसरीवर जी सभा भरली, तिची हकीकत सांगावी व तिच्या निमित्तानें आमचें एक जुनें ऋणहि कबूल करावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

त्याच महिन्याच्या १९ ते २३ तारखांस पुणें जिल्ह्यांत टप्प्याटप्प्यांची आंतरराष्ट्रीय सायकल-शर्यत झाली. मुंबई–पुणें शर्यत आम्हांस पूर्वींपासून ठाऊक होती. तींत बोरघाट सर्वांआधीं चढणारास 'घाटांचा राजा' म्हणतात, हेंहि ऐकून होतों. परंतु परदेशांतले संघच्या संघ आपल्या सह्याद्रीच्या वळणांवर झुंजतांना पाहण्याचा योग नवाच. या मंडळींपैकीं दोघे रस्त्याकडेला उभे राहून तें पाहून आले होते. तेव्हां बोलणें पुण्याहून निघून फ्रान्सला पोंचण्यास वेळ लागला नाहीं.

ज्या वाचकांस या खेळाची माहिती नसेल त्यांच्याकरितां दोन शब्द. फ्रान्सची ही प्रसिद्ध प्रदक्षिणा १९०३ सालीं एका वर्तमानपत्रानें आपला खप वाढविण्यासाठीं सुरू केली. त्या पत्राचा कागद पिवळा असे, म्हणून आघाडीवरील सायकलपटूचा सदराहि १९१९ पासून पिवळा झाला. तीन आठवडे, एकवीस टप्पे, सुमारें साडेतीन हजार किलोमीटर, आणि मध्यें आल्प्स व पिरेनीज हे पर्वत. वरवर पाहतां ही एकेकट्याची शर्यत वाटते; वस्तुतः ती आठ-आठ जणांच्या संघांची लढाई आहे. दुसऱ्याच्या पाठीमागें, त्याच्या आडोशानें सायकल चालविली कीं वाऱ्याचा विरोध कमी होऊन सुमारें तिसरा हिस्सा श्रम वांचतात. म्हणून सात जण वारा अंगावर घेतात आणि आठव्यास शेवटच्या घाटापर्यंत ताजा ठेवतात. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्यासारख्यांस ही व्यवस्था चटकन् समजते. कर्त्याच्या नांवामागें किती जणांचा घाम असतो, हें आम्ही पाहिलेलें आहे.

वाद होता तो स्लोव्हेनियाच्या पोगाचारविषयीं. २०२०, २०२१, २०२४ व २०२५ अशीं चार वर्षें त्यानें ही शर्यत जिंकली; शिवाय २०२४ सालीं इटलीची प्रदक्षिणा आणि जागतिक अजिंक्यपदहि त्याच्याच पदरांत पडलें. आमच्या नातवाचें म्हणणें, असा सायकलपटू पुन्हां होणें नाहीं. दुसरा म्हणाला, "युक्तीपुढें तोहि हरतो. २०२२ सालीं गालिब्येच्या घाटांत प्रतिपक्षाच्या दोघांनीं आळीपाळीनें हल्ले करून त्याला इतकें दमविलें कीं, पुढच्या ग्रानोंच्या चढणीवर व्हिंगेगार्ड त्याला सोडून निघून गेला." तिसरा गृहस्थ मघांपासून भरतांतली मिरची बाजूला काढीत होता. तो शांतपणें म्हणाला, "आजोबा, एवढा वेग नुसत्या भाकरीनें येत नसतो!"

ओसरीवर क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग आंकडे निघाले. १४ जुलै २०२४ रोजीं प्लातो द बेय या जवळजवळ सोळा किलोमीटरच्या घाटांत पोगाचारनें पान्तानीचा १९९८ सालचा विक्रम सुमारें साडेतीन मिनिटांनीं मोडला. त्या पान्तानीच्या १९९८ सालच्या नमुन्यांत रक्तांतील तांबड्या पेशी वाढविणारें औषध सांपडल्याचें फ्रान्सच्या सेनेटनें २०१३ सालीं जाहीर केलें होतें. "औषध घेणाऱ्याला जो साडेतीन मिनिटांनीं मागें टाकतो, त्याला काय म्हणावें?" असा तिसऱ्याचा प्रश्न. नातवाचीं उत्तरें तयार होतीं: सायकली बदलल्या, टायर बदलले, वाऱ्याचा अभ्यास झाला, शर्यतींत ताशीं शंभर-एकशें वीस ग्रॅम शर्करा पोटांत घालण्याची संवय आंतड्यांना लाविली गेली, आणि २०२५ अखेरपर्यंत पोगाचारवर कोणताहि दोष शाबीत झालेला नाहीं. त्यावर तिसरा म्हणाला, "आर्मस्ट्राँगवर तरी तेरा वर्षें कोठें झाला होता?"

हें नांव ऐकून आम्ही अंमळ चमकलों. कारण या नांवाशीं आमचा स्वतःचा संबंध आहे.

आमची विद्या जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत आणि वडिलांनीं शिकविलेल्या संस्कृतापर्यंत; खेळांतलें आम्हांस कळत नाहीं. परंतु २००५ च्या सुमारास वर्तमानपत्रांतून आर्मस्ट्राँगची कथा वाचली आणि तिनें आम्हांस वेड लाविलें. १९९६ सालीं कर्करोगानें घेरलेला माणूस उठतो आणि १९९९ पासून २००५ पर्यंत सलग सात वेळां जगांतील सर्वांत कठीण शर्यत जिंकतो! आम्हीं ती गोष्ट वर्गांत सांगितली, एकदां नव्हे, वर्षामागून वर्षें सांगितली. नळराजाच्या विपत्तीनंतर आमचा आवाज भरून येई तो याच गोष्टीला. १९९९ सालींच बासों नांवाचा एक फ्रेंच सायकलपटू या वेगाविषयीं उघड बोलला होता. आर्मस्ट्राँगनें त्यालाच धमकावलें, सोबत्यांनीं वाळींत टाकलें आणि बिचारा शर्यत अर्धी टाकून घरीं गेला. हें आम्हांस तेव्हां ठाऊक नव्हतें. ठाऊक असतें तरी आम्हीं त्या बासोंलाच मत्सरी ठरविलें असतें. पुढें ऑक्टोबर २०१२ मध्यें अकरा जुन्या संघसोबत्यांच्या साक्षींसह सर्व पुरावा बाहेर आला, सातहि विजेतेपदें काढून घेतलीं गेलीं, आणि जानेवारी २०१३ मध्यें त्यानें स्वतःच्या तोंडानें कबुली दिली. आम्हीं ज्यांना ती गोष्ट सांगितली तीं मुलें तोंपर्यंत चहूंकडे पांगलीं होतीं. शिकविलेला धडा परत मागवितां येत नाहीं.

हें आम्हीं मुलांना सांगितलें तेव्हां तिसऱ्याचा चेहरा उजळला. "म्हणजे आजोबा, संशय घेणेंच शहाणपणाचें!" असें म्हणून त्यानें खिशांतून मोबाइल काढला. मग कळलें कीं गोष्ट पोगाचारची नव्हतीच. पारोळ्याकडील एका खेड्यांतला एक नवा मुलगा दोन महिन्यांपासून यांच्यांत येऊं लागला होता. सायकल जुनी, बूट साधे. पण त्या सकाळीं लळिंगच्या चढणीवर त्यानें या पांचहि जणांना मागें टाकलें आणि घरीं काम आहे म्हणून तेथूनच परतला. "कांहींतरी घेत असला पाहिजे," अशा मजकुराचा निरोप सर्व सायकल-मित्रांना पाठविण्याकरितां लिहून तयार होता. बोट ठेवावयाचेंच काय तें राहिलें होतें.

आम्हीं त्यास हातानें थांबविलें आणि जी गोष्ट सौभाग्यवतींखेरीज कोणास सांगितली नव्हती, ती सांगितली.

१९८९ सालीं आम्ही खानदेशांतील एका तालुक्याच्या गांवीं शिक्षक होतों. नववींत एक विद्यार्थी आठ मैलांवरील वाडीहून सायकलनें येई. सहामाहीस संस्कृतांत त्याला शंभरांपैकीं एकतीस गुण होते. वार्षिक परीक्षेंत शहाण्णव पडले. आम्हांस संशय आला. आम्हीं भर वर्गांत म्हटलें, "ही मजल सरळ रस्त्यानें गाठलेली नाहीं." बक्षीस दुसऱ्या मुलास दिलें. तो रडला नाहीं कीं भांडला नाहीं. एवढेंच म्हणाला, "गुरुजी, पुन्हां परीक्षा घ्या." आम्हीं घेतली नाहीं. शिक्षकाच्या शब्दाची पुन्हां परीक्षा कसली, असा तेव्हांचा आमचा ताठा.

उन्हाळ्याच्या सुटींत त्या वाटेचा दूधवाला भेटला. तो हंसत म्हणाला, "गुरुजी, त्या पोरानं वाटेनं 'रामः रामौ रामाः' करून करून माझ्या दुधाच्या कॅनलासुद्धां संस्कृत शिकवलं!" जातांना आठ मैल आणि येतांना आठ मैल, सहा महिने, तो मुलगा सायकलवर विभक्त्या घोकीत होता. पायडलाला एक रूप, असा त्याचा ताल असे म्हणे. जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां तो आला नाहीं. बापानें त्याला शेतीच्या कामास लाविलें, असें कळलें. आमच्या बोलण्यामुळेंच हें झालें कीं गरिबीमुळें, तें आम्ही आजहि सांगूं शकत नाहीं. आठ मैलांवरची वाडी. आमच्यापाशीं सायकल होती. पण आम्ही गेलों नाहीं.

वाचकहो, आमच्या हातून दोन चुका झाल्या. एकदां गुन्हेगारावर विश्वास ठेविला, एकदां निरपराध्यावर संशय घेतला. यावरून कोणता बोध घ्यावा? वडिलांनीं शिकविलेलें न्यायशास्त्र येथें उपयोगीं पडलें. त्याचे सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत संशय तिसरा आणि निर्णय नववा. मध्यें प्रयोजन, दृष्टांत, सिद्धांत, अवयव, तर्क अशा पांच पायऱ्या आहेत. म्हणजे संशय हा दोष नव्हेच. तो विचाराचा दरवाजा आहे. पर्वतावर पांढुरकें कांहीं दिसलें तर तो धूर असेल किंवा धुकें असेल, असें वाटणें योग्यच. धूर असेल तर खालीं अग्नि आहे. परंतु वर चढून न पाहतांच "आग, आग" म्हणून ओरडणें हें पाप, आणि "आमच्या पर्वताला आग लागणेंच शक्य नाहीं" म्हणून पाठ फिरविणें हेंहि पापच. तिसऱ्या पायरीवरून एकदम नवव्या पायरीवर उडी, हाच दोन्हीं वेळां आमचा अपराध होता.

संशयाला या खेळांत कारणें भरपूर आहेत. १९०४ सालच्या दुसऱ्याच शर्यतींत पहिले चौघेहि लबाडीबद्दल बाद झाले. १९६७ सालीं सिम्पसन नांवाचा इंग्रज सायकलपटू व्हान्तूच्या पर्वतावर उत्तेजक द्रव्यें व ऊन यांच्या मारानें मरण पावला. आपण तरी कोठें निराळे आहों? जागतिक संस्थेच्या २०२३ सालच्या अहवालांत भारतांतील ५,६०६ नमुन्यांपैकीं २१३ सदोष निघाले. २०११ ते २०१३ सलग तीन वेळां महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव २०१६ सालीं ऑलिंपिकच्या तोंडावर चाचणींत सांपडला. त्याच्या पेयांत कोणी औषध मिसळलें, हें म्हणणें आपल्या देशांतील समितीनें मान्य केलें. आंतरराष्ट्रीय क्रीडा-लवादानें तें अमान्य करून १८ ऑगस्टला त्यास चार वर्षांची बंदी सांगितली. निर्णय कोणास रुचो वा न रुचो, परंतु दोन्हीं वेळां त्याचें म्हणणें ऐकून घेतलें गेलें.

नातवानें आणखी एक माहिती पुरविली ती आम्हांस फार मोलाची वाटली. २००८ पासून सायकलपटूच्या रक्ताची नोंद वर्षानुवर्षें ठेवितात आणि त्याची तुलना दुसऱ्याशीं नव्हे, तर त्याच्याच पूर्वींच्या रक्ताशीं करितात. या रीतीनें पाहतां आमच्या विद्यार्थ्याची एकतीसावरून शहाण्णवावरची उडीहि लाल शाईनें खुणावली गेली असती. खरें आहे. पण खूण झाल्यावर तज्ज्ञ तपासतात, त्याला विचारतात, त्याचें उत्तर ऐकतात. त्या मुलाविषयीं संशय घेतला हें आमचें चुकलें नाहीं. त्यानें मागितलेली परीक्षा नाकारली, तेथें आम्ही चुकलों.

ओसरीवर बराच वेळ शांतता होती. मग त्या तिसऱ्या मुलानें लिहिलेला मजकूर आमच्यादेखत पुसला आणि थोडें चांचरत विचारलें, "पण आजोबा, तो खरोखरच कांहीं घेत असला तर?" आम्हीं म्हटलें, "असेलहि. तुम्ही त्याच्यासंगें चार रविवार चालवा. तो काय खातो, केव्हां उठतो, किती मैल रोज तुडवितो, तें विचारा. आणि शर्यत भरवाल तेव्हां चाचणी सर्वांची करा. त्याच्या एकट्याची नको." पुढच्या रविवारीं नातू पारोळ्याच्या वाटेनें त्या मुलाच्या गांवीं जाणार आहे. तेथें त्याला धूर दिसेल कीं धुकें, हें आम्हांस ठाऊक नाहीं आणि आधींच ठाऊक असण्याची घाईहि नाहीं.

राहतां राहिला आमचा विद्यार्थी. आज तो पन्नाशीच्या पुढें असेल. हें मासिक त्याच्या घरीं येत असेल किंवा त्याच्या मुलाबाळांच्या हातीं पडत असेल तर त्यानें एवढें समजावें कीं त्याचे शहाण्णव गुण त्याचेच होते. तीन तपें उशीर झाला खरा; पण निर्णय आतां लेखी दिला आहे.