एम.कॉम. झालेला सरपंच आणि तुझं भाषण

मुक्काम हिवरे बाजार, ता. नगर

चि. ओंकार,


तुझ्या भाषणाचा मसुदा व्हॉट्सअॅपवर मिळाला. मामीला तो इतका आवडला की तिनं सगळ्या घराला वाचून दाखवला. मामाला आवडला नाही. "पाच मिनिटांत बघून काही चुकलं असेल तर सांगा," असं तू खाली लिहिलं होतंस, पण हे पाच मिनिटांत सांगून भागणारं नाही. फोनवर सांगावं तर तू "हो मामा, हो मामा" करत दुसरीकडे टाइप करत असतोस आणि ते इकडे ऐकू येतं. म्हणून कागद.

कॉलेजनं तुला माजी विद्यार्थी म्हणून पदवी घेणाऱ्या पोरांपुढे बोलायला बोलावलं, ही काही लहान गोष्ट नाही. अक्कानं आख्ख्या गल्लीला सांगून झालंय. पण तिसऱ्या परिच्छेदात तू काय लिहिलंयस ते एकदा मोठ्यानं वाच. "मित्रांनो, पदवीची ही सुरळी माळ्यावर टाका आणि गावाकडे चला. हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांनी डिग्री बाजूला ठेवली, म्हणून गाव उभं राहिलं." अरे, हे तुला कुणी सांगितलं? मामीच्या माहेरच्या ओट्यावर बसून, त्याच हिवरे बाजारात, मामानं हे वाचलं. समोर रस्त्यावरून दुधाच्या किटल्या चालल्या होत्या. त्या किटल्यांमागे काय काय आहे हे तुला ठाऊक असतं, तर हे वाक्य लिहायला तुझा हात धजला नसता.

पोपटराव एम.कॉम. झाले तेव्हा गावात तेवढं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं. क्रिकेट झकास खेळायचे. पोरगं मोठ्या मैदानावर नाव काढील अशी घरच्यांची आशा. १९८९ साली गावातल्या तरुणांनी गळ घातली आणि ते बिनविरोध सरपंच झाले. घरच्यांना ते मुळीच रुचलं नव्हतं. (आई-बापाला न रुचणाऱ्या गोष्टीही कधी कधी बरोबर निघतात, हे मामा कबूल करतो. पण त्याबद्दल पुढे.) तेव्हाचं गाव म्हणजे १९७२ च्या दुष्काळानंतर खचतच गेलेलं. डोंगर बोडके, विहिरी कोरड्या, हातभट्ट्या मात्र जोरात. धडधाकट माणसं मुंबई-पुण्याला निघून गेलेली. सरकारी नोकराची इथं बदली झाली की त्याला वाटायचं, कुणीतरी आपल्यावर डूख धरला.

तू म्हणशील, मग शेजारच्या पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीत, अण्णा हजारे कुठं कॉलेजात गेले होते? नव्हतेच गेले. सातवीपर्यंत शिकून फौजेत गेलेला माणूस. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही जी पंचसूत्री, तिचे पहिले धडे हिवरे बाजारनं तिकडूनच घेतले. पदवी नसलेल्याचं काही अडत नाही, हे मामाला मान्य आहे. पण ज्याच्याकडे ती आहे त्यानं ती माळ्यावर टाकायची, ही कुठली अक्कल?

आता मामाचं मत ऐक. हिवरे बाजारच्या गोष्टीत लोक डोंगरावरचे समपातळी चर बघतात, झाडी बघतात, फोटो काढतात आणि ग्रामसंसदेच्या इमारतीपुढे उभे राहून जातात. मामाला इथली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती पाण्याचा ताळेबंद. ही कल्पना अकाउंट्सच्या वर्गात बसलेल्या माणसाच्या गावात रुजली, हा योगायोग आहे असं मामाला अजिबात वाटत नाही.

तू इंजिनिअर, तुला आकडे दिले की समजतं. हिवरे बाजारचं शिवार सुमारे ९७६ हेक्टर. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. म्हणजे आख्ख्या शिवारावर मिलिमीटरभर पाऊस झाला की ९७ लाख ६० हजार लिटर. वर्षाला ४०० मिलिमीटर धर, हा दुष्काळी पट्टाच आहे, तर झालं ३९० कोटी लिटर. ही झाली जमा. यातलं काही उन्हात उडतं, काही ओढ्यानं निघून जातं, काही मातीत ओल होऊन राहतं, काही मुरून विहिरीला लागतं. उरलं त्यातून आधी माणसं, मग जनावरं, मग पिकं. पावसाळा सरला की विहिरींची पातळी बघायची, पर्जन्यमापकाचे आकडे मांडायचे आणि गावानं बसून ठरवायचं, की यंदा रब्बीला किती क्षेत्र झेपेल. पाऊस कमी झाला तर गव्हाला हात आखडता घ्यायचा, ज्वारी-हरभऱ्यावर भागवायचं. ऊस आणि केळीला बंदी. शेतीसाठी बोअर पाडायला बंदी, कारण विहिरीतलं पाणी डोळ्यांना दिसतं आणि बोअरमधलं कुणालाच दिसत नाही.

आणि हा हिशेब फळ्यावर लिहिलेला असतो. मामीच्या भावकीतले एक आजोबा आहेत, शाळेची पायरी न चढलेले. मागे ते फळ्याजवळ उभे राहून नातवाला विचारत होते, "ह्यो आकडा गेल्या साली किती व्हता?" नातवानं सांगितला. आजोबा घरी आले आणि कांद्याचे अर्धे वाफे रद्द केले. ओंकार, बी.ई. झालेली किती पोरं आपल्या गावच्या पावसाचा आकडा सांगतील? तुला येतो? दहा बाय दहाच्या पत्र्यावर मिलिमीटरभर पावसाचं किती पाणी पडतं, कर बरं हिशेब.

मामाचं कॉलेज नगरलाच झालं, तुला ठाऊक आहे. डबा गावाहून पहिल्या एसटीनं यायचा. माळीवाड्याच्या स्टँडवर कंडक्टरच्या मागं धावत जाऊन तो उतरवून घ्यायचा, बाजरीच्या भाकरीला डिझेलचा वास लागलेला. खोलीत पाच जण आणि डबे तीन. वर्गात अकाउंटन्सीचे सर कीर्द, खतावणी, तेरीज या क्रमानं फळा भरायचे. तेरीज जुळली नाही तर तास संपला तरी कुणाला उठू द्यायचे नाहीत. रुपयाचा फरक असला तरी नाही. पोरं वैतागायची, पिक्चरचा मॅटिनी बुडायचा. सर म्हणायचे, हिशेब आपल्यासाठी लिहायचा नसतो, तो दुसऱ्याला तपासता यावा म्हणून लिहायचा असतो. कॉलेजातलं बाकी पुष्कळसं विसरायला झालं. कोण कुणाच्या मागे होता, कोण जीएस झाला, गॅदरिंगला कुणी खुर्च्या मोडल्या, सगळं धूसर. हे तेवढं राहिलं. तुझ्या भाषणात कॉलेजच्या आठवणी म्हणून कॅन्टीन, कट्टा आणि प्रॉक्सी एवढंच आहे. चार वर्षांत एकही मास्तर भेटला नाही का रे तुला?

गाडी रुळावर आणतो असं म्हणायला हवं, पण मामा आणणार नाही. कारण हे सगळं एकाच रुळावर आहे.

विलासराव साळुंख्यांचं उदाहरण तर खास तुझ्या लाइनीतलं. पुण्यातले इंजिनिअर, अचूक मोजमापाची उपकरणं बनवणारे कारखानदार. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्याची दशा पाहिली आणि नायगावला जाऊन माळावर काम सुरू केलं. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या एकरांवर न वाटता घरातल्या माणसांच्या संख्येवर वाटायचं, भूमिहीनालाही वाटा द्यायचा, ऊस लावायचा नाही. ज्याचा जन्म मोजमापात गेला त्याला पाणी मोजून वाटावं असं सुचलं, यात नवल ते काय! आणि आपल्याच जिल्ह्यातलं जामखेड घे. रजनीकांत आणि मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरच्या मेडिकल कॉलेजचे. १९७० साली जामखेडला आले आणि अक्षरओळख नसलेल्या खेड्यातल्या बायकांना बाळंतपण, लसीकरण, जुलाबावरचे उपाय असं शिकवून गावोगावच्या आरोग्यसेविका केलं. १९७९ साली त्यांना मॅगसेसे मिळालं. त्यांनी आपली पदवी माळ्यावर टाकली असती, तर त्या बायकांना शिकवलं काय असतं?

तो स्टीव्ह जॉब्सचा उतारा मात्र काढ. २००५ साली त्यानं स्टॅनफर्डच्या पदवीधरांपुढे कॉलेज सोडल्याची गोष्ट सांगितली, हे खरं. पण त्याच भाषणात त्यानं हेही सांगितलं, की कॉलेज सोडल्यावर तो सुलेखनाच्या वर्गात जाऊन बसायचा. तू पहिलं घेतलंस, दुसरं गाळलंस. सगळे तेच करतात.

"गावाकडे चला" हेही जरा बेतानं. सगळी पोरं उद्या गावाकडे आली तर गाव त्यांना कुठं ठेवणार? हिवरे बाजारची माणसं परतली ती विहिरींना पाणी आल्यावर, कुणाचं भाषण ऐकून नाही. १९९५ साली इथली १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती, पुढे ती तीनवर आली. दूध रोजचं दीडशे लिटर निघायचं ते चार हजारांवर गेलं. पण त्याच्या आधीची वर्षं कुणी मोजत नाही. १९८९ ला सरपंच, १९९४ ला आदर्श गाव योजना, यशवंत कृषी, ग्राम व पाणलोट विकास संस्थेमार्फत कामं, चर खोदणं, झाडं जगवणं. चराईबंदी म्हणजे गुरं डोंगरावर सोडायची नाहीत, गवत विळ्यानं कापून आणायचं, हे घराघराला पटवणं. २००० साली शंभर टन गवत निघालं होतं, २००४ ला सहा हजार टन. म्हणजे सरपंच झाल्यापासून पंधरा वर्षं. तुझ्या पिढीला पंधरा दिवसांत रील लागते. आणि पद्मश्री वगैरे झाल्यावरही २०२१ च्या जानेवारीत पोपटरावांपुढे विरोधी पॅनल उभं राहिलंच, तीस वर्षांनी गावात मतदान झालं. जिंकले, ते सोड. मुद्दा असा की लोक हिशेब मागतात, आणि मागावा.

म्हणून पोरांना सांगायचंच असेल तर त्यांना विचार, तुम्हाला काय मोजता येतं? सिव्हिलवाल्यानं आपल्या सोसायटीत वर्षाला किती टँकर येतात आणि गच्चीवरचं किती पाणी गटारात जातं, ते काढावं. कॉमर्सवाल्यानं गावच्या ग्रामपंचायतीचा जमाखर्च ग्रामसभेत मागून वाचावा, समजत नसेल त्याला समजावून सांगावा. पुण्यात राहून करा, नाहीतर खेड्यात राहून करा. सुरळी कपाटात नीट ठेवा, तिच्यासाठी कुणीतरी पैसे भरलेत.

आता भाषणाचं शेवटचं वाक्य. "मी स्वतःही लवकरच एक मोठं पाऊल उचलतोय." मामीनं हे वाचताना घाईनं पुढं सरकवलं. मामाचा डोळा तिथंच अडला. कसलं पाऊल? दिवाळीत तू बंदिस्त शेळीपालनाचं बोलत होतास, ते का? चाकणची नोकरी सोडलीस की काय? खरं सांग, नोटीस दिलीयेस का?

शेळ्यांना मामाचा विरोध नाही. पण एका शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा चारा धर. पन्नास शेळ्या म्हणजे रोजचा दीडशे-दोनशे किलो. आपल्या गावात मार्च लागला की टँकरची वाट बघतात; हा चारा तू कुठं पिकवणार? विकत घेणार असशील तर काय भावानं? शेड, लस, मेलेली करडं, बकरी ईद सोडून बाकीच्या महिन्यांतला भाव, यातलं काही कागदावर आहे का, की यूट्यूबवर बघितलंस तेवढंच? तुझ्या शिक्षणासाठी दाजींनी पतसंस्थेतून काढलेल्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. अक्काच्या पाटल्या गहाण पडल्या त्या अजून सुटलेल्या नाहीत. ती तुला हे सांगणार नाही, म्हणून मामा सांगतोय. परवा तिचा फोन आला होता. तू हल्ली रात्री उशिरापर्यंत जागा असतोस आणि विचारलं तर चिडतोस, एवढंच म्हणाली. ती रडत नव्हती, पण गप्प जास्त होती.

तेव्हा असं कर. नोटीस दिली नसलीस तर सध्या देऊ नकोस. पावसाळा संपून इथला ताळेबंद मांडला जाईल तेव्हा रजा काढून ये, शेळ्यांचा हिशेब लिहून आण, मामा तेरीज जुळवून बघेल. जुळली तर दाजींकडे तुझी वकिली मामा करील, शब्द आहे. आणि दिली असलीस, तर भाषणाच्या आधी घरी जाऊन अक्काला सांग. समारंभाला ती पहिल्या रांगेत बसणार आहे, नवी साडी घेऊन ठेवलीय. तिला हे स्टेजवरून कळता कामा नये.

तुझा
मामा