आइसलँडला गेलात, तर काठावर उभ्या राहू नका!

आइसलँडहून आल्यावर भेटेल ती मैत्रीण एकच प्रश्न विचारते, "अगं, तिथं बघायला आहे तरी काय? नुसता बर्फच ना?" नाव ऐकून तसं वाटणारच. पण या देशात राजवाडे, बाजारपेठा, उंच इमारती यांच्यासाठी कोणी जात नाही. जायचं ते उघड्यावर हिंडायला. आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश आकाराचं हे बेट, आणि वस्ती जेमतेम चार लाखांची. एखाद्या जिल्ह्याच्या गावात मावतील एवढी माणसं! बाकी सगळी जागा धबधबे, ज्वालामुखी, हिमनद्या आणि मेंढरं यांची.

आम्ही गेलो ते सप्टेंबरात. हे, मी, अकरा वर्षांचा चिरंजीव आणि सासूबाई. सहलीत बायकांचं एक ठरलेलं काम असतं, ते तुम्हांला सांगायला नकोच. बाकीचे पाण्यात उतरतात, डोंगर चढतात. आपण काठावर उभ्या राहून बॅगा, चपला आणि कोट सांभाळतो. या वेळी निघण्यापूर्वीच मी घरात सांगून टाकलं, की बॅगा आळीपाळीनं सांभाळायच्या. म्हणूनच आज अनुभवानं चार गोष्टी सांगू शकते.

जमीन दुभंगते तिथं

राजधानी रेक्याविकपासून तासाभराच्या अंतरावर थिंगवेल्लिर आहे. इ.स. ९३० मध्ये तिथली लोकसभा, तिला 'अल्थिंग' म्हणतात, इथंच उघड्या माळावर भरू लागली. पृथ्वीच्या पाठीवरचे अमेरिकेचे आणि युरोपचे भूपट्ट इथं एकमेकांपासून वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर दूर सरकत असतात. त्या भेगेतून, दोन्ही बाजूंना काळ्या कातळाच्या भिंती घेऊन चालत जाता येतं. भूगोलाच्या तासाला फळ्यावर मी किती वेळा ही आकृती काढली असेल. प्रत्यक्ष त्या भिंतीला हात लावला, तेव्हा अंगावर काटा आला.

पुढे गरम पाण्याच्या कारंज्यांचं मैदान लागतं. इंग्रजीतला 'गीझर' हा शब्द इथल्याच 'गेसिर' नावाच्या कारंज्यावरून आला. ते आता क्वचितच उसळतं. पण शेजारचा स्ट्रोक्कुर दर पाच-दहा मिनिटांनी पंधरा-वीस मीटर उंच उडतो. आधी पाण्याचा निळा फुगा येतो, मग एकदम भुस्स! मुलांचा हात मात्र घट्ट धरा. ओढ्यातून वाहणारं साधंसं दिसणारं पाणीही उकळतं असतं.

गुल्फॉस आणि सिग्रीदुर

तिथून दहा मिनिटांवर गुल्फॉस, म्हणजे सोनेरी धबधबा. दोन टप्प्यांत बत्तीस मीटर खाली कोसळतो आणि खालच्या घळीत दिसेनासा होतो. हा धबधबा आज आहे, याचं बरंचसं श्रेय एका शेतकऱ्याच्या मुलीकडे जातं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथं वीजनिर्मितीचा घाट घातला गेला होता. ब्राथोल्ट या शेजारच्या शेतावरची सिग्रीदुर टोमासदोत्तिर त्याविरुद्ध उभी राहिली. राजधानीला तिनं खेपा घातल्या, वकील दिला, आणि 'खोदाई सुरू झाली तर मी धबधब्यात उडी टाकीन' असं बजावलं, असं तिथले लोक सांगतात. तिचे वकील स्वेन ब्यॉर्नसोन पुढे, १९४४ मध्ये, देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. भाडेपट्ट्याचे पैसे न भरल्यानं अखेर तो करार रद्द झाला. धबधब्याजवळ तिच्या स्मरणार्थ दगडात कोरलेला चेहरा आहे.

तिच्या नावातलं 'टोमासदोत्तिर' म्हणजे टोमासची मुलगी. तिथं लग्नानंतर बायका नाव बदलत नाहीत. जन्मभर वडिलांची, किंवा हवं तर आईची, लेक हेच त्यांचं नाव. सासूबाईंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे बँकेचं पासबुक एकदाच करायचं! सोय आहे बाई."

पाण्याच्या पडद्यामागे

दक्षिणेकडच्या रस्त्यावर सेल्यालँड्सफॉस लागतो. साठेक मीटरवरून पाणी पडतं आणि त्याच्या मागून पायवाट जाते. पाण्याच्या आतल्या बाजूनं बाहेरचं जग पाहायचं! सगळं अंग भिजतं, दगड निसरडे असतात, पण चांगले बूट असले की अवघड नाही. हिवाळ्यात बर्फामुळे ही वाट बंद ठेवतात.

पुढच्या स्कोगाफॉसला पाचशेहून अधिक पायऱ्या आहेत. आमच्या सह्याद्रीत वाढलेल्या गुडघ्यांना त्याचं काय! सासूबाई मात्र खालीच बसल्या आणि बॅगा त्यांनी यांच्या स्वाधीन केल्या.

हिमनदीवर चालणं

सोल्हेमायोकुल या हिमनदीवर वाटाड्याबरोबर चालता येतं. बुटांना लोखंडी दात बांधतात, डोक्यावर टोप, हातात कुऱ्हाड. एकट्यानं पाऊलही टाकायचं नाही, कारण वरून भक्कम दिसणाऱ्या बर्फात खोल भेगा असतात. बर्फात काळे पट्टे दिसले, ते ज्वालामुखीच्या राखेचे.

ही हिमनदी झपाट्यानं आटते आहे. ह्वोल्सव्होत्लुर या जवळच्या गावातल्या शाळेची मुलं २०१० पासून दर वर्षी जाऊन ती किती मागं हटली ते मोजतात. सुरुवातीच्या वर्षांत त्यांना चालत जाता यायचं, आता मधे तळं झालं आहे. मास्तरणीचा जीव माझा, मला हे फार भिडलं. पुस्तकातला धडा त्या मुलांच्या डोळ्यांदेखत लहान होतो आहे.

आणखी पूर्वेला योकुल्सारलोन हे हिमखंडांचं सरोवर आहे. निळे-पांढरे डोंगर पाण्यावर तरंगत समुद्राकडे जातात आणि त्यांचे तुकडे काळ्या वाळूवर येऊन पडतात. इथं कितीही वेळ बसावं.

काळी वाळू: इथं जपा

रेनिस्फ्यारा इथले कातळाचे खांब पाहून मला आपली अंधेरीची गिल्बर्ट टेकडी आठवली. आणि ते खरंच एका जातीचे. सह्याद्रीचा काळा बेसॉल्टही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. आपला केव्हाच थंड झाला, त्यांचा अजून ऊन आहे.

पण हा किनारा फसवा आहे. चार लहान लाटा येतात आणि पाचवी अचानक कितीतरी पुढे धावून येते. पाय ओढले जातात. पर्यटकांचे जीव गेले आहेत. वाटेवर धोक्याचे दिवे असलेला फलक आहे, तो वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. चिरंजीव फार रुसले. पण पाण्यापासून तीस-चाळीस पावलांच्या आत मी त्यांना जाऊ दिलं नाही. फोटोसाठी समुद्राकडे पाठ करून तर अजिबात उभं राहू नये.

उघड्यावरचं गरम पाणी

आता खरा आनंद! जमिनीखालच्या उष्णतेवर तिथली दहापैकी नऊ घरं गरम राहतात. गावोगावी उघड्यावर पोहण्याचे तलाव आहेत आणि शेजारी ३८ ते ४२ अंशांची लहान कुंडं. वरून पाऊस, गळ्यापर्यंत ऊन पाणी, आणि शेजारी गप्पा मारणाऱ्या गावातल्या आज्या.

एक अट मात्र आहे. पाण्यात जाण्याआधी बायकांच्या न्हाणीघरात सगळे कपडे उतरवून साबणानं अंघोळ करावी लागते. पाण्यात औषध कमी घालतात, म्हणून हा नियम कडक. मी दारातच अडखळले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, गणेशपुरीच्या कुंडावर आम्ही बायका बायकाच असायचो. आणि इथं आपल्याला ओळखतंय कोण?" कोपऱ्यात पडदा लावलेली एक न्हाणी होती, तिथं आम्ही आळीपाळीनं उरकलं. पडद्याची सोय पुष्कळ ठिकाणी असते, मोकळेपणानं विचारा. त्या संध्याकाळी सासूबाई तासभर पाण्यात होत्या. गुडघे किती दिवसांनी दुखायचे थांबले, म्हणाल्या.

लॉयगारवात्न या तळ्याकाठी राईच्या पिठाचा पाव भांड्यात घालून गरम वाळूत पुरतात आणि चोवीस तासांनी काढतात. गोडसर, ओलसर पाव, वर लोणी. ना गॅस, ना वीज! 'स्कीर' म्हणजे आपला श्रीखंडाचा चक्काच. कडक शाकाहारी असाल तर त्यात रेनेट आहे का, ते डबीवर पाहा.

जाण्यापूर्वी

* उत्तरेचा प्रकाश पाहायचा तर सप्टेंबर ते एप्रिलची सुरुवात. काळोख आणि निरभ्र आकाश हवं. जूनमध्ये रात्र होतच नाही. पफिन पक्षी मे ते ऑगस्ट.
* छत्री नेऊ नका, वाऱ्यात टिकत नाही. आत लोकर, वर पाणी न शिरणारा कोट आणि विजार. साडी घरी ठेवा.
* मोटारीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडा. वाऱ्यानं दारं मोडतात.
* नळाचं थंड पाणी उत्तम, बाटल्या विकत घेऊ नका. गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो गंधकाचा, घाबरू नका.
* खाणावळी फार महाग. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. थालिपिठाची भाजणी आणि मेतकुटानं आमचे निम्मे पैसे वाचवले.
* लाव्हावरच्या मऊ शेवाळावर पाय देऊ नका. तुडवलेलं शेवाळ भरून यायला वर्षानुवर्षं लागतात.
* रेक्यानेस भागात २०२१ पासून अनेकदा उद्रेक झाले आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंदाविक गाव रिकामं करावं लागलं. रोज सकाळी रस्त्यांची आणि हवामानाची सरकारी माहिती पाहून मगच निघा. मदतीसाठी ११२.
* आपल्याला शेंगेन व्हिसा लागतो. त्याची तयारी काही महिने आधी करा.

खर्च मोठा आहे, हे खोटं बोलण्यात अर्थ नाही. आमची भिशी आणि माझ्या शिकवणीचे तीन वर्षांचे पैसे त्यात गेले. एवढे पैसे घालून मग नुसते कोट का सांभाळायचे? तुमची सहल आइसलँडची असो, नाहीतर गणपतीपुळ्याची; बॅगा थोडा वेळ दुसऱ्याच्या हातात द्या आणि पाण्यात उतरा. लाट पाहून, मात्र!