कर, पाटील आणि सिंग

कुरुंद्यात राहणाऱ्याला कुणी कुरुंदकर म्हणत नाही. तिथं सगळेच कुरुंद्याचे. हे नाव अर्थ धरतं ते वेशीबाहेर. नरहर कुरुंदकरांचा जन्म 1932 चा, नांदापूरचा. उमेदीची वर्षं गेली नांदेडात, पीपल्स कॉलेजात शिकवण्यात. नांदेडनं त्यांना 'गुरुजी' म्हटलं, पण आडनावात वसमत तालुक्यातलं कुरुंदा तसंच राहिलं. मूर्तिशास्त्राचे अभ्यासक गो. बं. देगलूरकर पुण्यात नावाजले, आणि नांदेड जिल्ह्याच्या टोकावरचं देगलूर त्यांच्या सहीतून ग्रंथाग्रंथांवर उमटत गेलं. आडनावातला 'कर' म्हणजे कुण्या पूर्वजानं बिऱ्हाड हलवल्याची नोंद. ती करणारे असतात नव्या गावचे शेजारी.

जर्मनीतही हेच घडलं. ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर 1851 साली जन्मला तो हॅनोव्हरमध्ये. बर्लिनमध्ये बर्लिनर म्हणून कुणाला वेगळं ओळखणार?

पण लातूरकडे या नियमाला एक सुंदर अपवाद आहे. इथं गावोगाव पाटील, आणि नुसत्या 'पाटील'वरून माणूस सापडणं अवघड. मग गाव सोबतीला येतं. शिवराज पाटील चाकूरचे म्हणून चाकूरकर. ते लोकसभेचे अध्यक्ष झाले, देशाचे गृहमंत्री झाले, तरी लातूरकरांच्या तोंडी चाकूरकरच. 1985 मध्ये मुख्यमंत्री झालेले शिवाजीराव पाटील निलंग्याचे म्हणून निलंगेकर. इथं गाव सुटलेलं नाही. उलट माणसानं ते मिरवत मुंबई-दिल्लीला नेलं, आणि चाकूर कुठं आहे हे ज्यांना कधी कळलं नसतं त्यांनाही ते ठाऊक झालं.

खुद्द पाटील हे तर कामाचं नाव. परगण्याचा देशमुख, त्याचा हिशेब राखणारा देशपांडे, गावाचा पाटील. निजामाच्या राज्यात गावात दोन पाटील असत: बंदोबस्त पाहणारा पोलीस पाटील आणि सारावसुलीचा माली पाटील. या 'माली'चा बागेशी काही संबंध नाही. 'माल' म्हणजे महसूल, तो गोळा करणारा तो माली. 1860 च्या दशकात निजामाचे दिवाण सालारजंग यांनी महसुलाची व्यवस्था बदलली, देशमुख-देशपांड्यांच्या हातून वसुली गेली. 1948 मध्ये निजामाचं राज्यही गेलं. मालीपाटील मात्र आजही शाळेच्या हजेरीपटावर आहेत. जर्मनीतला शुल्झ याच जातकुळीचा: तोही मुळात धन्याची देणी वसूल करणारा गावप्रमुख. दोन्हीकडे अधिकार संपला आणि नाव घराण्यात राहिलं.

नांदेडला गोदाकाठी या साऱ्याला आणखी एक रंग चढतो. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये इथं देह ठेवला आणि त्यांच्या मागे शीख घराणी इथलीच होऊन गेली. त्यांच्यात कामठेकर आहेत, कंधारवाले आहेत, गाडीवाले आहेत. एकाच नावात आधी 'सिंग' आणि शेवटी 'कर'! दख्खनी शिखांच्या मराठीपणाचा याहून बोलका दाखला शोधायची गरज नाही. पंजाबातल्या गावांऐवजी नांदेड-कंधारची माती ज्यांनी नावात घेतली, त्यांना पाहुणे कोण म्हणेल?

गाव मात्र नावाइतकं टिकतंच असं नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, हजारो माणसं गेली आणि गावंच्या गावं जुन्या जागेवरून उठून नवीन जागी वसली. किल्लारी हे नाव नव्या वस्तीला मिळालं. ज्या गल्ल्यांवरून कुण्या पूर्वजाला किल्लारीकर म्हटलं गेलं, त्या गल्ल्या आता तिथं नाहीत.

आणि आडनाव स्वखुशीनं सोडणारेही याच भूमीत वावरले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व करणारे व्यंकटेश खेडगीकर संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले. 1994 साली नांदेडला विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याला त्यांचं नाव दिलं गेलं. लातूरची कॉलेजंही त्याच विद्यापीठाला जोडलेली आहेत. देशमुख, बिराजदार, कामठेकर, मालीपाटील, इथल्या साऱ्यांच्या पदव्यांवर ते नाव छापलेलं असतं.