सुईची बैठक

पाभरीचा फण किती खोल जातो हे बघितल्याशिवाय आम्ही चाड्यावर मूठ धरत नाही. बी वर राहिलं तर पाखरं खातात, फार खोल गेलं तर उगवत नाही. तबकडीच्या सुईचंही असंच असतं, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

अण्णांच्या मागं घरात सतरा तबकड्या राहिल्या. त्यातली भीमसेन जोशींच्या अभंगांची एलपी म्हणजे आईचा जीव. जुन्या प्लेअरची सुई कुठं मिळेना, म्हणून धाकट्यानं पुण्याच्या जुन्या बाजारातून दुसरा प्लेअर आणला आणि नवं कार्ट्रिज वेगळं घेतलं. थोरला म्हणाला, "मोबाईलवर सगळे अभंग आहेत की." आई म्हणाली, "त्यात ह्यांनी आणलेली हाय का?" विषय संपला. पण ती तबकडी एकच. सुई वाकडी बसली तर दर खेपेला तासाची कड खरवडणार, आणि खरवडून गेलेला आवाज परत येत नाही.

कार्ट्रिज म्हणजे काडेपेटीहून लहान डबी. मागं चार पिना. पांढरी-निळी तार डावीकडच्या आवाजाची, लाल-हिरवी उजवीकडच्या. पायातला काटा काढायच्या चिमट्यानं त्या बसवल्या. गवंड्याची पाणसळ ठेवून प्लेअर सपाट केला. मग दांडीच्या मागचं वजन फिरवून ती तराजूसारखी अधांतरी केली आणि तिथून दोन ग्रॅम भार दिला. सोनाराकडून छोटा काटा मागून आणून तो तोलून बघितला. भार कमी ठेवला की तबकडी कमी झिजते, असं पुष्कळांना वाटतं. ते खोटं आहे. हलकी सुई तासात ठरत नाही, कडांवर आपटत जाते.

खरी कसोटी पुढंच. कारखान्यात तास कोरणारी सुई बाहेरून आत सरळ रेषेत सरकते. आपली दांडी मात्र खळ्यातल्या तिवड्याला बांधलेल्या बैलासारखी एका जागी अडकून फिरते. त्यामुळं सुई सगळीकडं तासाला सरळ राहूच शकत नाही. हिशेबानं दोनच जागा निघतात, मधल्या खुंटीपासून साधारण ६६ आणि १२१ मिलिमीटरवर. बाकी सगळीकडं थोडा तिरकेपणा राहतो, तो वाटून घ्यायचा. त्या दोन ठिपक्यांचा कागद तालुक्याहून छापून आणला. पट्टी लावली तर चार मिलिमीटर आखूड! मशीननं पानात बसवायला चित्र लहान केलेलं. परत छापून घेतला. एका ठिपक्यावर डबी रेघांना जुळवावी, तर दुसऱ्यावर ती तिरकी दिसायची. स्क्रू किंचित ढिला करायचा, केसभर सरकवायचं, पुन्हा बघायचं. ह्यात दुपार गेली.

पेरणीआधी आम्ही मूठभर बी गोणपाटात उगवून बघतो. तसं आधी एक ओरखडे पडलेली सिनेमाची तबकडी लावली. ती नीट वाजल्यावर मग अभंग. बाजूच्या शेवटी, लेबलजवळ तास आखूड होतो. चूक असेल तर तिथं टाळ चिरकतात. चिरकले नाहीत. आई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "आता मागची बाजू लाव."

चार तबकड्या ७८ च्या आहेत. त्यांना जाड सुई लागते. त्या अजून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या आहेत.