घाट, सायकल आणि साडेपाचची वेळ



जानेवारीत आम्ही सहाजण सायकलींवरून कोकणात जाऊन आलो, हे कळल्यापासून मंदिरात, गल्लीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवात मला दोनच प्रश्न विचारले जातात. "घाट चढलीस कशी गं?" आणि त्याच्या पाठोपाठ, आवाज जरा खाली आणून, "मग तुझ्या जेवणाचं काय?" दोन्हींचं उत्तर एकाच दिवसात आहे, म्हणून फक्त त्या दिवसाबद्दल लिहिते. सावंतवाडी ते आजरा, मध्ये आंबोली घाट.

आपल्या कबनूरला चढ म्हणजे काय ते माहीतच नाही. मागांच्या खडखडाटातून बाहेर पडलं की हातकणंगल्यापर्यंत रस्ता पोळपाटासारखा. सरावाला मी बाहुबलीला जायचे आणि दोन रविवार जोतिबाचा डोंगर चढले. जाताना राधानगरीला मुक्काम करून फोंडा घाटानं खाली उतरलो, तेव्हा ब्रेक दाबून दाबून बोटं आखडली होती. पण उतरलेलं सगळं परत चढायचं होतं. ते आंबोलीतून.

माझा नियम तुम्हाला ठाऊक आहे. सूर्योदयानंतर दोन घटका झाल्याशिवाय अन्न नाही आणि सूर्यास्ताआधी दोन घटका ताट बंद. पाणी तेवढं घेते, तेही गाळलेलं. घरी याचं काही वाटत नाही, आपली चूलच त्या घड्याळावर चालते. पण त्या दिवसांत सूर्य सात-दहाच्या सुमारास उगवायचा आणि सव्वासहाच्या सुमारास मावळायचा. दोन घटका म्हणजे ४८ मिनिटं, म्हणजे मला सकाळी आठ ते संध्याकाळी साडेपाच एवढीच मुभा. बाकीच्यांना सहालाच चहा-पोहे खाऊन निघायचं होतं. निघण्याआधी घरातलेसुद्धा म्हणाले होते, "प्रवासापुरती सूट घे." मला ते पटलं नाही. घरात बसून पाळायला नियम सोपाच असतो.

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या मावशींनी स्वयंपाकघर मोकळं करून दिलं. उजाडताच मी दशम्या भाजून फडक्यात बांधल्या. शेंगदाणे, गूळ आणि खजूर घरूनच आणले होते. बाटलीत गाळून उकळलेलं पाणी, त्यात मीठ, लिंबू, थोडा गूळ. दाणोलीपर्यंतचा रस्ता फार चढाचा नाही, तो रिकाम्या पोटी गेला. आठ वाजता तिथं बसून दोन दशम्या खाल्ल्या आणि मग घाटाला लागले.

घाटात जोर लावायचा नसतो, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं. गिअर टाकून पुढचं दातेरी चक्र लहान आणि मागचं मोठं केलं की पायडल हलकं होतं. पाय भराभर फिरतात आणि सायकल मुंगीसारखी सरकते. मागे सामानाच्या पिशव्या लटकलेल्या, माझा वेग ताशी सहा-सात किलोमीटर. आपली पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली १५९ दिवसांत सायकलवरून २९,००० किलोमीटरची जगफेरी करून आली, तेव्हा ती अवघी वीस वर्षांची होती. तिची आठवण काढून वेग वाढवायला गेलं की दहाव्या मिनिटाला धाप लागते! मी आपली फक्त पुढच्या वळणाचा विचार करायचे. दर अर्ध्या तासाला एक खजूर, मूठभर दाणे. भूक लागेपर्यंत थांबलात तर पायातलं त्राण जातं आणि ते लवकर परत येत नाही.

धबधब्याशी पाणी बारीक झालं होतं, माकडं मात्र भरपूर. केळ्यांची पिशवी सोबतच्या एकाच्या हँडलवरून कधी गेली ते त्याला कळलंही नाही. दुपारी बाराच्या आत आंबोलीत होतो, जवळजवळ सातशे मीटर उंचीवर. इथून पाणी फिरतं. मागच्या उतारावरचं अरबी समुद्राला जातं आणि इथं उगम पावणारी हिरण्यकेशी आजऱ्याकडे वाहत घटप्रभेतून कृष्णेला मिळते. आपली पंचगंगाही नरसोबाच्या वाडीला कृष्णेलाच मिळते, म्हणजे माहेरच्या वाटेला लागल्यासारखंच.

पुढचे पस्तीसेक किलोमीटर सोपे जातील असं सगळ्यांनी धरलं होतं. पण एकाची चेन तुटली, मग दोन पंक्चर. पाच वाजून गेले तरी आजरा आठ-नऊ किलोमीटर लांब. साडेपाचाच्या आत पोचणं शक्य नव्हतं. मी काजूच्या बागेच्या कडेला सायकल उभी केली. "एवढ्यासाठी थांबू नका, अंधार पडेल," असं एकजण म्हणाला. चुकीचं नव्हतं त्याचं, घाटमाथ्यावर अंधार लवकर होतो. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. चौघे गेले. निवृत्त गुरुजी तेवढे थांबले. ते आपल्यातले नाहीत, रात्री नऊला जेवणारे. त्यांनी सायकल झाडाला टेकवली आणि घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवलं. "तुम्ही खावा निवांत. वेळ मी बघतो."

बागेतून एक बाई आल्या. "हितं कशापायी बसलायसा? घरला चला की, भाकरी टाकते." मी नियम सांगितला. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मग बोलू नगासा, खावा आधी." शेवटच्या दोन दशम्या, गुळाचा खडा, पाणी. गुरुजींनी सांगितलं, पाच अठ्ठावीस.

आजऱ्यात शिरलो तेव्हा दिवे लागले होते. सगळे मिसळीवर तुटून पडले होते. मी गरम पाणी मागून घेतलं आणि पाय पसरून बसले. भूक नव्हती. रात्री दोनला मात्र लागली, खोटं कशाला सांगू. सकाळी आठला घनसाळ तांदळाचा गरम भात आणि वरण मिळालं. गुरुजी माझ्याबरोबर जेवायला आठपर्यंत थांबले होते.