मोठं अक्षर

पहिलीतल्या लेकराला पुस्तक देणं सोपं. चौथीत घडाघडा वाचणाऱ्या मुलीला देणं त्याहून सोपं. तिच्या वाटेत आपण आडवं आलो नाही तरी पुष्कळ झालं. मी अडते ती तिसऱ्याच ठिकाणी. वय बाराला टेकलेलं, उंची माझ्या खांद्याइतकी, आवाज फुटायच्या बेतात आणि वाचन दुसरीचं. अशा मुलाला झेपेल त्या पुस्तकात मांजरीचा फुगा हरवलेला असतो. त्याला आवडेल त्या पुस्तकात पानभर बारीक अक्षर असतं आणि तिसऱ्याच ओळीत रफार. नोकरी संपत आली, तरी या दोहोंच्या मधलं पुस्तक कुठून आणायचं आणि आणलंच तर ते त्याच्या हातात कसं द्यायचं, हे मला अजून सुटलेलं नाही.

आमची शाळा बीड जिल्ह्यातली, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली. दिवाळी सरली की गावातले कोयते ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते; नवरा-बायको मिळून एक कोयता. घरी आजी असेल तर लेकरू मागं राहतं, हंगामी वसतिगृह सुरू झालं तर तिथं जेवतं, नाहीतर ट्रॉलीत संसारासोबत तेही जातं आणि पाडव्याच्या आगेमागे परततं. अशी चार-पाच वर्षं गेली की काय होतं, ते शिक्षकांना सांगायला नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यामुळे मूल वयानुरूप वर्गात बसतं. ते योग्यच आहे. बाराव्या वर्षी दुसरीच्या बाकावर बसवणं ही शिक्षाच होती. पण वर्गातून बाहेर काढलेली ती शरम गेली कुठं? माझ्या पुस्तकपेटीत येऊन बसली.

मागच्या वर्षी पाचवीत असलेल्या एकाला मी नेहमीच्या सराईतपणे एक पुस्तक दिलं. चार ओळींचं पान, ठसठशीत चित्र. त्यानं ते उघडलंसुद्धा नाही. कव्हरावरून अंगठा फिरवून परत पेटीत ठेवलं. म्हणाला, "मॅडम, ह्ये लहान्या लेकरायचं हाय." त्याचं काय चुकलं? त्यानं टायरगाडी हाकलेली. कारखान्याच्या काट्यावर बैलांजवळ अख्खी रात्र काढलेली. कोपीत धाकट्या बहिणीला सांभाळत भात शिजवलेला. त्याच्यापुढे मी मांजरीचा फुगा धरला होता.

यावर मी काय काय करून पाहिलं, ते माझ्यासारखंच पेटी सांभाळणाऱ्यांना ओळखीचं वाटेल. पुस्तकांच्या कण्यावर रंगीत टिकल्या लावल्या, म्हणजे पातळी मला कळेल आणि मुलांना कळणार नाही. आठवडा लागला नाही. हिरवी टिकली म्हणजे ढ, हे पहिलीच्या पोरांनासुद्धा पाठ झालं. टिकल्या खरवडून काढल्या. काही पुस्तकांच्या मागच्या कव्हरावर पातळी छापलेलीच असते, तीवर कागद चिकटवला. मग मुलं तो कागद नखानं उचकटून खाली काय लपवलंय ते बघायला लागली. म्हणून सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातली. लहानमोठी सगळी एकसारखी दिसू लागली हे खरं, पण पेटीकडे कुणी फिरकेना. ज्या चित्रासाठी हात पुढं यायचा तेच मी झाकून ठेवलं होतं.

सगळ्यांत पुरातन उपाय म्हणजे मोठ्यानं लहानांना वाचून दाखवायचं. "पहिलीला गोष्ट सांगायला मला माणूस पाहिजे," असं म्हणून सोपं पुस्तक मोठ्या मुलाच्या हातात द्यायचं. हे बऱ्याचदा चालतं. पण पहिलीतली एखादी टवळी शहाणी निघते आणि तो अडखळला की पुढचा शब्द आपणच सांगते. त्यानंतर तो मुलगा पहिलीच्या खोलीकडे बघतसुद्धा नाही.

शेवटी मी स्वतः पुस्तकं करायला घेतली. स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. त्यावरच्या गोष्टी खुल्या आहेत, बदलता येतात, छापून घेता येतात. त्या पाहून मला वाटलं, आपणही लिहावं. ट्रॅक्टरवर लिहिलं. जोडाक्षर शक्यतो टाळलं, वाक्य ओळीच्या मध्येच मोडू दिलं नाही. मोठं अक्षर छापलं म्हणजे वाचन सोपं झालं असं छापणाऱ्यांना वाटतं, पण मूल अडतं ते रफाराशी, क्ष-ज्ञशी आणि ओळीच्या टोकाला अर्धवट लोंबणाऱ्या क्रियापदाशी. हे मला पक्कं माहीत, म्हणून पुस्तकाचा अभिमानही तसाच पक्का. टायरगाडी हाकलेल्या त्या मुलानं दोन पानं वाचली आणि विचारलं, "ह्ये तुमी लिवलंय व्हय?" मी फुशारले. "कळतंय," तो म्हणाला आणि उठून गेला.

माझी फुशारकी जुनीच आहे. केंद्रात मला 'पुस्तकवाल्या मॅडम' म्हणतात आणि कुणी तसं म्हटलं की मी उगाच पदर सारखा करते. स्थळं जुळवणारी बाई असते ना, कुणाचं कुणाशी जमवलं ते बोटांवर मोजणारी, तशी माझी एक वही आहे. डावीकडे मुलाचं नाव, उजवीकडे पुस्तकाचं, आणि जमलं तर पुढं टिंब. वही सरकारी नाही, कुणी मागत नाही, मी कुणाला दाखवतही नाही. पण रात्री कधी तरी काढून टिंबं बघते. ज्यांच्यापुढे टिंब नाही ती नावं मी भराभर उलटून जाते, हेही सांगून टाकते.

रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे त्यांतलेच दोन. फार मोठा माणूस. पण वाचकाला स्वतःच्याच पुस्तकाची लाज वाटत असेल तर काय करायचं, त्याचा सहावा नियम ते करून गेले नाहीत.

आणि याद्या! वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत दर मे महिन्यात मुलांनी काय वाचावं त्याची यादी येते. 'गोट्या' असतो, 'श्यामची आई' असते, 'फास्टर फेणे' तर असतोच. यादी करणाऱ्याचं बालपण चांगलं गेलं, एवढं तीवरून कळतं. भा. रा. भागवतांवर माझं प्रेम आहे. बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्यात शिकायला आलेला पोरगा, म्हणजे तसा आमच्याकडच्या पोरांच्या जवळचा. मी तो मोठ्यानं वाचते तेव्हा आमची पोरं जागची हलत नाहीत. पण तेच पुस्तक हातात दिलं की पान पाहूनच परत येतं. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, बालभारतीचं. त्यातली चित्रं आमच्याकडे फाटेपर्यंत बघितली जातात, मजकूर कोरा राहतो. माधुरी पुरंदऱ्यांचं 'राधाचं घर' तर मला स्वतःला इतकं आवडतं की त्याची लाज वाटणाऱ्या मुलाचा मला राग येतो. आता माझ्या रागाचं त्यानं काय करावं?

शहरातून येणारे तज्ज्ञ सांगतात, मुलांना निवडू द्या. मान्य. पण कशातून? प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला ५००० रुपयांपर्यंत अनुदान असतं. त्यात येणारी पुस्तकं दोन ढिगांत पडतात: लहानांसाठी मोठं अक्षर, मोठ्यांसाठी बारीक. मोठ्या अक्षरात बैलबाजार का नाही? साप, कुस्ती, विहिरीचं खोदकाम, पळून गेलेला मुकादम का नाही? अक्षर मोठं म्हणजे वाचक लहान, हे कुणी ठरवलं? पालघरकडे क्वेस्ट संस्थेचा 'गोष्टरंग' आहे. तरुण नट आश्रमशाळांतल्या मुलांपुढे पुस्तकातली गोष्ट करून दाखवतात, मग पुस्तक हातात येतं. गोष्ट आधीच अंगात भिनलेली असेल तर सोप्या पुस्तकाची शरम निम्मी होत असणार. मला त्यांचा हेवा वाटतो, कारण मला नाचता येत नाही.

पंधरा ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. त्याच तारखेला जागतिक हात धुवा दिनही असतो, त्यामुळे आमच्याकडे आधी हात धुतानाचा फोटो आणि मग त्याच ओल्या हातांत पुस्तक धरल्याचा. दोन्ही फोटो केंद्राच्या ग्रुपवर जातात. शेजारच्या एका शाळेत सर्वाधिक पुस्तकं वाचणाऱ्याला पदक देतात. तिथली एक मुलगी एका दुपारी सतरा पुस्तकं वाचते असं ऐकलं. मला कुणी दुष्ट म्हणेल, पण मी तिला एकाही पुस्तकाची गोष्ट विचारणार नाही. तिला पदक हवं होतं, तिनं ते रास्त मार्गानं मिळवलं.

पण मला सांगायचं होतं ते डोळ्याचं.

गेल्या पावसाळ्यात माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी निघाली आणि लांबचं असं लख्ख दिसायला लागलं की शेवटच्या बाकावर कोण नाकात बोट घालतंय तेही कळावं. जवळचं मात्र धुकं. चष्म्याचा नंबर महिना-दीड महिन्यानं, डोळा स्थिर झाल्यावर, असं डॉक्टर म्हणाले. मध्यंतरात मला वाचता येत होतं ते फक्त मोठं अक्षर, तेही हात लांब करून. खिचडीच्या सुट्टीत पुस्तक घेऊन बसायची माझी जुनी खोड. म्हणून मी पेटीतली ती चार ओळींची पुस्तकं घेऊन व्हरांड्यात बसू लागले. यात शिकवण्याची युक्ती वगैरे काही नव्हती. मला वाचल्याशिवाय जेवण जात नाही, एवढंच.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो टायरगाडीवाला मुलगा खांबाला टेकून उभा राहिला. "तुमालाबी मोठंच अक्षर लागतंय?" मी सांगितलं, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, बारीक दिसत नाही. त्यानं मान हलवली. त्या मान हलवण्यात कीव नव्हती. एका ड्रायव्हरनं दुसऱ्याला पुढचा रस्ता खराब आहे म्हणून सांगावं, आणि दुसऱ्यानं मान डोलवावी, तसं ते होतं.

दुसऱ्या दिवशी पेटीतून दोन पुस्तकं काढून त्यानं माझ्या ताटाशेजारी ठेवली. "ह्यात अक्षर मोठं हाय, पर गोष्ट काय खास नाय. ह्ये बरंय." त्यानंतर रोज. माझ्या डोळ्याला काय चालेल ते बघायचं म्हणून तो पेटी उपसत होता, आणि गोष्ट खास आहे की नाही हे सांगायचं तर वाचणं भागच होतं. माझ्यासमोर वाचत नसे. पाण्याच्या टाकीमागं बसून बोट ठेवून वाचायचा आणि येऊन निकाल द्यायचा. असं कडक परीक्षण मी कुठल्याच दिवाळी अंकात वाचलेलं नाही. एका पुस्तकातल्या गाडीच्या चित्रावर बोट आपटून म्हणाला, "जू हाय, पर शिवळा नायत. बैल निघून जातील की." मी ते पुस्तक वर्षानुवर्षं मुलांना देत आले होते, बैल मोकळे आहेत हे मला कधी दिसलं नव्हतं. दुसऱ्या एका गोष्टीतल्या बापाबद्दल त्याची तक्रार होती की तो कामाला कधीच जात नाही, मग खातात काय? मांजरीच्या फुग्याचंही त्यानं वाचलं. "लई रडती," एवढाच शेरा.

त्या महिन्यात त्यानं पेटीचा खालचा कप्पा जवळजवळ संपवला. मी वही काढली. पण टिंब कुणापुढं द्यायचं? पुस्तक मी त्याला सुचवलं नव्हतं, तो मला सुचवत होता. तरी टिंब दिलं. दोन दिली, कुणी बघत नव्हतं.

मग चष्मा आला. मी तो टेबलाच्या खणात ठेवला. घरी लावायची, शाळेत काढायची. हजेरी डोळे बारीक करून भरायची आणि चुकीच्या रकान्यात भरायची. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, चष्म्याला उशीर होतोय का फार?" मी म्हटलं, होतोय. गणपतीच्या सुट्टीनंतर एक दिवस विसरून चष्म्यासकट फळ्याकडे वळले. तो बघत होता. "आला व्हय चष्मा," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या ताटाशेजारी पुस्तक नव्हतं. रागावला नव्हता. माझं काम झालं होतं, त्यामुळे त्याचंही. दिवाळीनंतर ते सगळे कर्नाटकात गेले. पाडव्याला परतला तेव्हा मी पेटी पुढं केली. त्यानं वरच्या कप्प्यातलं एक बारीक अक्षराचं पुस्तक उचललं, चाळलं, ठेवलं, आणि क्रिकेट खेळायला गेला.

यंदा चौथीत एक मुलगी आहे. उंच, अबोल, तीन हंगाम फडावर गेलेली. तिनंही परवा एका पुस्तकाच्या कव्हरावरून अंगठा फिरवून ते परत ठेवलं. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला आहे. डॉक्टर म्हणाले, मे महिन्यात सुट्टी आहे, करून टाका. मी जूनच्या शेवटाची तारीख मागून घेतली. लेकीला फोनवर सांगितलं तेव्हा ती भडकली, "आई, शाळा सुरू झाल्यावर कोण ऑपरेशन करतं?" मी म्हटलं, आधीच्या तारखा भरल्या होत्या.