मागचा दिवा

गंगापूर रोडवरील आमच्या घराच्या पश्चिमेकडील खोलीत, जेथे सूर्य धरणाच्या बाजूस कलला की उन्हाची तिरीप थेट मेजावर येते, तेथील संगणकाच्या पडद्यावरची अक्षरे गेल्या वर्षी इतकी मलूल दिसू लागली की, दोष आपल्याच नेत्रांचा, असे गृहीत धरून मी प्रथम चष्म्याचा नंबर तपासून घेतला. नंबर होता तसाच होता.

अखेर कुसुमाग्रज स्मारकाच्या अलीकडील एका दुकानात पडदा पालथा निजवून तरुण कारागिराने त्याची पाठ उघडली आणि निकाल दिला, ''काका, पॅनल ठणठणीत आहे, ट्यूबा थकल्यात.''

ज्याला आपण उजळ पडदा म्हणतो तो स्वतः कधीच उजळत नाही. त्यातील द्रवस्फटिक द्वारपालांप्रमाणे केवळ कवाडे उघडतात-मिटतात, आणि प्रकाश पुरविण्याचा सारा भार कडेच्या पन्हळीत दडविलेल्या, विणायच्या सुईएवढ्या बारीक नळ्यांवर असतो. आत पाऱ्याची वाफ, तिच्यातून निघणारे अदृश्य जंबुपार किरण, आणि त्यांना शुभ्र रूप देणारा काचेवरचा लेप. इतक्या खटाटोपातून उपजलेल्या उजेडाचा दहावा हिस्साही आपल्यापर्यंत पोहोचत नाही. कालांतराने लेप निस्तेज होतो, टोके काळवंडतात, आणि दीप्ती निम्म्यावर आली की कारखानदाराच्या दप्तरी नळीची मुदत संपते. (सरकारी नोकराचे निवृत्तिवेतनही निम्मेच असते, हे माझ्यासारख्या पेन्शनराच्या ध्यानात न येते तरच नवल.)

मला विस्मय वाटला तो त्या ऱ्हासाच्या गुप्ततेचा. खजिन्यातून रोज एक आणा लांबवावा आणि हिशेबतपासनीसच सामील असावा, तसा आपला डोळा रोजच्या तुटीला मुकाट मंजुरी देत गेला. ब्राइटनेस शंभरावर नेऊन ठेवणारा हातही माझाच होता, पण त्याची याद मला राहिली नव्हती.

नळ्यांच्या जागी एलईडीची पट्टी आली, नळ्यांना वीज पुरविणाऱ्या जुन्या इन्व्हर्टरला रजा मिळाली. पडदा लागला तेव्हा त्याचा शुभ्रपणा मला निळसर आणि काहीसा निर्दय भासला. आजवर ज्याला मी कागदाचा पांढरा समजत होतो तो पिवळा होता. माझ्या एका लेखाच्या पहिल्याच पानावर दोन अनुस्वार नको तेथे बसलेले आढळले, आणि तो लेख छापून येऊन वर्ष लोटले होते.

काढलेल्या नळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून कारागिराने परत दिल्या. सकाळी घंटागाडीची घंटा वाजली की मी ती पुडी उचलतो, आत पारा आहे हे आठवते, आणि ती पुन्हा फळीवर ठेवतो. ई-कचरा घेणाऱ्यांकडे जाणे अद्याप झालेले नाही.